डाव्या हाताची वीण

मंगळवारी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी तोआकासे शेडच्या सिमेंटच्या जमिनीवर गुडघे टेकून बसली होती आणि त्या दिवसातली सतरावी चटई उलगडत होती. शेड ऑकलंडच्या दक्षिणेला, मांगेरेत, विमानतळाच्या रस्त्याला लागून आहे. विमान डोक्यावरून गेलं की पत्रा थरथरतो आणि बोलणारा माणूस तेवढ्यापुरता थांबतो. अकरा वर्षांत त्याची इतकी सवय झाली आहे की, घरी जेवतानाही तोआकासे आणि तिचा नवरा मोसेसे वाक्याच्या मध्येच थांबतात.

काम ठरलेलं आहे. गुंडाळीचा दोर सोडायचा, चटई पसरायची, कुठे किडा, बी, माती राहिली नाही ना हे टॉर्च मारून बघायचं, पुन्हा गुंडाळायची, चिठ्ठी बांधायची. एका चटईला चार मिनिटं लागतात. तोआकासेला पाच लागतात. कारण टॉर्च मारण्याआधी ती प्रत्येक चटईची कड बोटांत धरते आणि कोपऱ्यापर्यंत चाचपत जाते. तेव्हा तिचं लक्ष दुसरीकडेच असतं. हा कामाचा भाग नाही. सव्वादोन वर्षं ती हे करते आहे. जी चटई ती शोधत होती तिचा पत्ता लागूनही आता सव्वा वर्ष झालं, पण बोटांना ते अजून कळलेलं नाही.

तोआकासे चोपन्न वर्षांची आहे. बाविसाव्या वर्षी ती तोंगातलं वावाऊ बेट सोडून इथं आली. कारखान्यात कोंबड्या सोलल्या, वृद्धाश्रमात लाद्या पुसल्या, आणि बेचाळिसाव्या वर्षी आईच्या गावातल्या बायकांनी विणलेल्या चटया मागवायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी गॅरेजमधून, मग या शेडमधून. तिकडे गावात बावीस बायका केवड्याच्या पाती समुद्राच्या पाण्यात भिजवतात, उन्हात पांढऱ्या करतात, चिरतात आणि विणतात. इथं तोआकासे कागदपत्रं भरते, तपासणीची वेळ घेते, माल सोडवते, निवडते, शनिवारी ओताराच्या बाजारात मांडते आणि उरलेले दिवस ट्रकनं घरोघर पोचवते.

गिऱ्हाईक कमी पडत नाही. इथल्या तोंगन घरात फ्रिज रिकामा असला तर चालतं. गादीखाली चार चटया नसल्या तर घरातली बाई लोकांत जायला कचरते. लग्न, मयत, पाळकाचा निरोप, काहीही असलं तरी चटई द्यावी लागते. आलेली चटई फार दिवस घरात राहत नाही. लग्नात मिळालेली सहा महिन्यांनी कुणाच्या मयताला जाते, तिथून आणखी कुठे. एकेक चटई पंधरा-पंधरा घरं फिरते आणि ती कुठून निघाली हे कुणी विचारत नाही.

ज्या चुकीमुळे तिच्या बोटांना ही सवय लागली, ती चूक दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली.

त्या वर्षी मार्चमध्ये मोसेसेचा मणका सरकला. डॉक्टरांनी त्याला सहा महिने काही उचलायचं नाही असं सांगितलं. उचलणं, ट्रक चालवणं, बाजार मांडणं ही सगळी त्याची कामं तोआकासेकडे आली. तिची स्वतःची तिच्याकडे होतीच. माणूस ठेव, असं तिचा भाऊ केलेपी म्हणाला. ती म्हणाली, चटई बघणारा माणूस मिळाला की ठेवते. पहाटे चारला उठायचं आणि रात्री जेवताना झोपायचं, असे दोन महिने गेले. रविवारी तोंगन माणूस काम करत नाही. तिनंही केलं नाही. चर्चमध्ये स्तोत्र म्हणायला सगळ्यांबरोबर उभी राहायची आणि उभ्या उभ्या डोळा लागायचा. शेजारची बाई कोपर मारून जागं करायची.

चुका तेव्हाच सुरू झाल्या होत्या. एका मयताच्या घरी तिनं लाल-पिवळ्या लोकरीच्या झालरीची लग्नाची चटई पोचवली. मृताच्या बहिणीनं ती उलगडली, क्षणभर बघितली आणि म्हणाली, "बरं केलंस. भाऊ माझा रंगेलच होता." सगळे हसले म्हणून निभावलं. एका तपासणीला ती एक दिवस आधीच जाऊन उभी राहिली. तिनं ट्रकमध्ये पेट्रोल भरलं आणि झाकण पंपावरच विसरली, दोनदा.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात माल बंदरात आला आणि तपासणीत एका गुंडाळीत जिवंत भुंगा सापडला. नियम साधा आहे: एक भुंगा निघाला की सगळा माल गरम कोठीत तापवायला जातो. तिथं प्रत्येक गुंडाळीचा दोर कापतात, प्रत्येक चटई उघडतात, तापवतात आणि एकावर एक सपाट रचून परत देतात. कापलेले दोर आणि चिठ्ठ्या एका पोत्यात घालून देतात. अडतीस चटया आणि एक पोतं गुरुवारी संध्याकाळी शेडवर आलं. शुक्रवारी तीन मयतं होती आणि शनिवारी एका पाळकाचा निरोप.

माल बोटीत चढला त्याच्या आदल्या दिवशी तिच्या आईनं, लेसिएलीनं, फोन केला होता. तोआकासे तेव्हा तपासणीचे अर्ज भरत होती. फोन खांद्यावर धरला होता, हातात पेन होतं.

"ऐकतेस ना गं?"

"ऐकतेय, आई."

"त्यात एक तुझी आहे. विकायची नाही. दोन वर्षं लागली मला, डोळ्यांनी दिसत नाही आता. तुझ्या बिछान्याला घाल."

"हो."

"बाकीच्यांसारखी काथ्यानं नाही बांधली. माझा चर्चचा काळा स्कर्ट होता ना, तो फाडून त्याच्या चिंधीनं बांधलीय. म्हणजे तुला लगेच कळेल."

"हो हो."

"काय म्हणाले मी?"

"काळा स्कर्ट."

"शाबास."

फोन ठेवल्यावर तोआकासेला काळा स्कर्ट तेवढा आठवला. आईचा स्कर्ट फाटला आहे, असा तिनं त्याचा अर्थ लावला. दुसऱ्या दिवशी डिलिव्हरीच्या वाटेवर तिनं नवा काळा स्कर्ट घेतला आणि गावी जाणाऱ्या एका बाईबरोबर पाठवून दिला. लेसिएली खूश झाली. शेजारणींना म्हणाली, पोरगी कामात बुडालेली असते, पण आईचं एकेक बोलणं लक्षात ठेवते.

शुक्रवारी पहाटे तोआकासेनं अडतीस चटया यादी बघून निवडल्या, गुंडाळल्या आणि ट्रकमध्ये घातल्या. यादीत सदतीसच होत्या. एक जास्तीची निघाली तेव्हा गावातल्या बायकांचं मोजायला चुकलं असेल, असं तिला वाटलं. चटई बारीक विणीची होती, मोठी होती. ती तिनं ओटाहुहूतल्या एका कुटुंबाला दिली. त्यांचे काका गेले होते आणि चांगली चटई हवी होती.

तीन आठवड्यांनी, एका शनिवारी बाजाराला निघताना दोर कमी पडले म्हणून तिनं ते पोतं जमिनीवर रिकामं केलं. काथ्याच्या ढिगात काळ्या कापडाची एक पट्टी होती. एका कडेला आईची टीप होती, जाड दोऱ्याची, डाव्या हातानं घातलेली, उलट्या बाजूनं तिरकी. मोसेसे सांगतो, की तो ट्रकमधून हाका मारत होता, आणि मग आत येऊन पाहिलं तर ती पोत्याशेजारी बसली होती आणि पट्टी सरळ करत होती, एखाद्या मुलीची रिबीन सरळ करावी तशी.

त्या दिवशी बाजार मांडला. सोमवारी आईचा फोन आला.

"घातलीस का बिछान्याला?"

"घातली."

"झोप लागते?"

"लागते, आई."

पुढचे सहा महिने लेसिएली दर फोनला हे विचारत राहिली आणि तोआकासे तेच उत्तर देत राहिली. डिसेंबरात लेसिएली गेली. तिला नव्या काळ्या स्कर्टात पुरलं. तोआकासे दहा दिवस गावी होती. अकरा वर्षांत शेड बंद राहिली ती तेवढेच दिवस. मयताला देण्यासाठी तिनं इथून चौदा चटया नेल्या. त्यातल्या सहा आईच्या शेजारणींनीच विणलेल्या होत्या. त्यांनी आपापली वीण ओळखली आणि चटया चळतीवर ठेवून दिल्या. आईच्या घरात आईनं विणलेली एकही चटई नव्हती. लेकीला माल कमी पडू नये म्हणून तिनं सगळ्या पाठवून दिल्या होत्या. स्वतः ती बाजारातल्या प्लास्टिकच्या चटईवर झोपायची.

लेसिएली डावखुरी होती. बाकीच्या बायका कडेची दुमड एका बाजूला घालतात, तिची दुसऱ्या बाजूला जायची. बघून ते कळत नाही. बोट फिरवलं की कळतं.

परत आल्यावर तोआकासे घरोघर विचारू लागली. विचारताना कारण द्यायची की, त्या खेपेत भुंगा निघाला होता, पुन्हा लागला का ते बघायचंय. ओटाहुहूच्या कुटुंबानं चटई मयतात दिली होती. ती मृताच्या भाचीकडे गेली होती. तिनं ती पाळकाच्या निरोपाला दिली होती. पाळकाच्या बायकोनं ती एका लग्नात दिली. तिथं माग सुटला. मग गेल्या वर्षी जूनमध्ये पिसिला ताउफाचा नवरा गेला, तेव्हा तिच्या घरी चटया पोचवायला तोआकासे गेली होती. झोपायच्या खोलीत चटयांची चळत होती. आणलेल्या चटया वर ठेवताना तिचा हात चळतीच्या कडेवरून गेला आणि खालून तिसऱ्या चटईवर थांबला.

ती विचारू शकली नाही. याचं कारण इथल्या कुणालाही सांगावं लागत नाही. मागितलं की समोरच्याला नाही म्हणता येत नाही, म्हणून मागायचं नसतं. तिनं त्या दिवशी नुसतं म्हटलं असतं, की ही चटई सुंदर आहे, तरी पिसिलानं ती तिथल्या तिथं गुंडाळून हातात दिली असती, आणि हसत दिली असती. नवऱ्याच्या मयताच्या दिवशी. दिलेली चटई मागण्यानं परत येत नाही, फिरत फिरत येते. आली तर.

आणि येण्याची एक वाट होती. तोंगन माणसांत आत्याचा मान सगळ्यांत वरचा. भावाच्या मुलांच्या लग्नात, मयतात ती पुढे बसते आणि दोन्हीकडच्या सर्वांत चांगल्या चटया तिच्यासमोर येऊन पडतात. केलेपीच्या मुलीचं, फुसीचं लग्न या शनिवारी आहे. आत्या तोआकासे. आणि नवरा मुलगा पिसिलाच्या सख्ख्या बहिणीचा नातू.

मार्चमध्ये लग्न ठरलं. त्या संध्याकाळी तोआकासेनं काळी पट्टी ड्रॉवरमधून काढली आणि शेडमधल्या टेबलाच्या वर खिळ्याला लावली. मोसेसेनं विचारलं, "ही कशाला?"

"गुंडाळी बांधायला लागेल."

"पिसिलामावशी तीच आणेल कशावरून?"

"आत्यासाठी घरातली चांगलीच आणतात."

"तुला विचारतोय, खात्री आहे का?"

"तुझं काम कर," ती म्हणाली.

तेव्हापासून सहा महिने तिनं त्या शनिवारच्या मानानं कामं लावली. ज्या आठवड्यात लग्न आहे त्या आठवड्यात माल येऊ नये, म्हणून बोट एक खेप मागे ढकलायचा तिनं प्रयत्न केला. ते जमलं नाही. एक्केचाळीस चटया सोमवारी संध्याकाळी आल्या. तपासणीची वेळ बुधवारी सव्वानऊची मिळाली. म्हणून मंगळवारी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी ती गुडघ्यांवर होती.

सकाळच्या डिलिव्हऱ्या उरकून ती परतल्यावर, नऊ चाळीसला शेडच्या दारात बस थांबली आणि पिसिला ताउफा उतरली. एकाहत्तर वर्षांची, रुंद, कमरेला तोंगन रीतीनं नवऱ्याच्या सुतकाची जुनी चटई अजून गुंडाळलेली. हातात तळलेल्या गोड गोळ्यांची पिशवी होती.

"आहे का कुणी, की सगळे लग्नात जाऊन बसलेत चार दिवस आधीच?"

"या मावशी, बसा," तोआकासे म्हणाली.

"बसले तर उठवायला तुझा नवरा लागेल. आणि त्याची तर पाठ मोडलीय."

"तुमच्यासाठी क्रेन बोलावतो, मावशी," मोसेसे आतून म्हणाला.

"बोलाव. तिला आधी तुझं पोट उचलायला सांग. मग माझ्याकडे ये म्हणावं."

तिनं गोळे टेबलावर ठेवले, बाकावर बसली आणि शेडभर नजर फिरवली. मोसेसेनं चहा केला. थोडा वेळ लग्नाचं बोलणं झालं: किती डुकरं लागणार, केकचे किती थर. सगळ्यांत वरचा थर आत्याच्या घरी जातो. "तुला खायला नको हो, साखर वाढलीय तुझी," पिसिला म्हणाली. "मला पाठव."

"पाठवते. अर्धा."

"अर्धा! बघ रे, मोसेसे, कसली चिकट बायको केलीस." तिनं चहाचा कप खाली ठेवला. "बरं, कामाचं बोलू. मला एक चटई हवीय. चांगली. शनिवारची."

तोआकासेनं चळतीकडे बघितलं.

"म्हणजे तुलाच द्यायची," पिसिला म्हणाली. "आता तूच सांग, तुला कुठली आवडेल ती. तेवढाच माझा डोक्याचा ताप कमी."

मोसेसे हसला. "वा! माल आमचा, गिऱ्हाईक आमचं, आणि शनिवारी माल परत आमच्याच घरी. असा धंदा कुठे ऐकला नाही."

"तू गप रे. तुला काय कळतं." मग ती तोआकासेकडे वळली आणि आवाज खाली आणला, जरी शेडमध्ये तिघांशिवाय कुणी नव्हतं. "पोरी, तुझ्यापासून लपवत नाही. मागाहून दुसऱ्या कुणाकडून कळलं तर बरं दिसणार नाही. घरी आहे माझ्याकडे एक. तुला द्यायला तीच योग्य. सून म्हणते तीच न्या, बहीण म्हणते तीच ने, आत्याला दुसऱ्या नंबरची कशी देणार. खरंय त्यांचं. पण."

"पण काय?"

"तुझे काका गेल्यापासून मी पलंगावर झोपत नाही. रिकामा वाटतो. मुलानं नवी गादी आणली, तीही बोचते. एक दिवस ती चटई खाली टाकली आणि आडवी झाले. लागली झोप. सहा-सात महिन्यांत पहिल्यांदा. तेव्हापासून तिच्यावरच झोपते." पिसिलानं आपला हात पुढे केला आणि बोटं हवेत फिरवली. "कुशीवर झाले की कड हाताखाली येते. ती वीण उलटी आहे. बाकीच्यांसारखी नाही. अंधारात बोटानं एकेक घर मोजत जाते. चाळीस-पन्नासला झोप लागते. हसू नको."

"हसत नाही."

"म्हातारी वेडी झाली म्हणशील."

विमान आलं. पत्रा थरथरला आणि तिघंही थांबले. ते जायला वीस सेकंद लागली असतील. मोसेसे बायकोकडे बघत होता. तोआकासे टेबलाकडे बघत होती, जिथं गोळ्यांची पिशवी होती आणि त्यावर भिंतीत खिळा होता.

विमान गेल्यावर तिनं विचारलं, "कुणी विणलीय, माहीत आहे?"

"कोण सांगणार? चार घरं फिरून आलीय. बाई डावखुरी असणार, एवढं कळतं. का गं?"

"असंच विचारलं."

"तू ओळखशील. तुझ्या हाताखालून हजारो गेल्या असतील. आणू का शनिवारी? आणतेच. नाहीतर काय, आत्याचा मान आहे, आणि मी आपली माझ्या झोपेचं घेऊन बसले." ती उठायला लागली. "आणते तीच. सून म्हणते तेच बरोबर."

एवढं म्हटल्यावर तोआकासेनं नुसतं गप्प राहायचं होतं. मागावं लागणार नव्हतं, सांगावं लागणार नव्हतं. शनिवारी दुपारी चटई तिच्या पायाशी येऊन पडली असती, सगळ्यांदेखत, आणि कुणी कुणाचं काही घेतलं असं कुणाला वाटलं नसतं.

"ती घरीच ठेवा," तोआकासे म्हणाली.

"अगं, लोक काय म्हणतील? तुझा मान."

"आत्या मी आहे. माझा मान मी बघते. बसा तुम्ही."

ती उठून चळतीकडे गेली. पहाटे पाहिलेल्यांपैकी बारावी चटई तिनं ओढून काढली आणि जमिनीवर पसरली. बारीक विणीची, सरळ कडेची, एक डाग नाही. पिसिला वाकून बघू लागली.

"ही?"

"ही."

"चांगली आहे. फार चांगली आहे. तू माझ्या जागी असतीस तर हीच घेतली असतीस?"

"हो. तपासणी उद्या आहे. गुरुवारी घरी आणून देते."

"आणि शनिवारी मी ती तुला उचलून देते. त्यापेक्षा तूच घेऊन ये ना सरळ, माझ्या नावानं!" दोघी हसल्या. पिसिला जास्त हसली. मग चटईची कड बोटानं चाचपून म्हणाली, "ही आपली नेहमीसारखी. मला आता ती दुसरीच बरी वाटते." आणि मग, दाराशी जाता जाता, आठवण झाल्यासारखी, "अगं, हो. तुझ्याकडे डागडुजी होते ना? तिचा एक कोपरा उसवलाय. माझ्याच बोटांनी उसवला असणार. दोन-चार पाती बाहेर आल्यात. वाढत जाईल का?"

"जाईल. घेऊन या."

"कधी?"

"उद्या. सातला."

"मुलगा कामाला जाताना चटई सोडेल. वेळ किती लागेल? रात्री मला हवी हो परत."

तोआकासेनं टेबलावरची वही बघितली. "दोन तास."

"एवढा?"

"जुनी वीण आहे. आधी ओली करावी लागते. मग पात घालायची, मग वाळवायची. नऊला तयार ठेवते. तपासणीला जाताना ट्रकनं घरी सोडते."

बस आली आणि पिसिला गेली. मोसेसेनं कप विसळले.  शेवटचा कप हातात धरून म्हणाला, "कोपऱ्याला दोन तास?"

"दोन तास."

"पंधरा मिनिटांचं काम आहे, तोआ."

"तुला कुठे येतं विणता?"

"एक शब्द बोलली असतीस. आईची आहे, एवढंच."

"मग ती आज संध्याकाळीच घेऊन आली असती."

"तेच तर म्हणतोय मी."

"आणि रात्री कशावर झोपली असती?"

मोसेसेनं कप पालथे घातले. मग म्हणाला, "आणि तू?"

तिनं अठ्ठाविसावी चटई ओढली आणि दोर सोडला. "मला झोप येते. उभ्या उभ्या येते. चर्चमध्ये विचार."

दुपारी दोन वाजता एक्केचाळीस चटया पाहून झाल्या. तोआकासेनं त्या एका भिंतीला लावल्या आणि दुसऱ्या भिंतीजवळची जागा झाडून घेतली. आठ फूट बाय बारा फूट, एवढी जागा शेडमध्ये एरवी मोकळी नसते. आडवं व्हायला सिमेंट गार असतं म्हणून त्यावर पुठ्ठे अंथरले. रंगवलेल्या आणि पांढऱ्या पातींच्या जुड्यांमधून तिनं पांढऱ्या पाती काढल्या, त्यातल्या वावाऊच्या निवडल्या आणि बादलीत भिजत घातल्या. मग स्टुलावर चढून खिळ्याची काळी पट्टी काढली. मोसेसेला वाटलं ती खिशात घालेल. तिनं ती डागडुजीच्या डब्यात ठेवली, सुरी आणि दाभणाच्या शेजारी. कोपरा झाल्यावर गुंडाळी कशानं तरी बांधावीच लागते.

टेबलावरच्या वहीत बुधवारचं पान तिनं आठवड्यापूर्वीच भरलं होतं. वरच्या ओळीत जागा होती. तिथं तिनं लिहिलं: सात ते नऊ, पिसिलामावशी, कोपरा. खालची ओळ आधीची होती आणि ती तशीच आहे: सव्वानऊ, तपासणी, एक्केचाळीस चटया.